मदत हवी आहे : 'अमेरिकन ब्यूटी'च्या कर्नलपलीकडचे सिनेमे

फिल्म क्लबात अमेरिकी उपनगरातल्या कुटुंबांच्या सिनेमांवर बोलायचंय. 'अमेरिकन ब्यूटी'तला (१९९९) कर्नल फिट्स समलिंगी शेजाऱ्यांचा तिरस्कार करतो, संशयावरून मुलाला बडवतो, शेवटी स्वतःच सिनेमाचा नायक लेस्टर याचं चुंबन घेतो आणि नकार मिळाल्यावर त्याला गोळी घालतो. द्वेष करणारा आतून समलिंगी, आणि खुनीही तोच! मला हे फारच सोयीचं वाटतं. (शेजारचं समलिंगी जोडपं, दोघांचंही नाव जिम, मात्र गल्लीत सगळ्यात सुखी.) 'फार फ्रॉम हेवन'मधला (२००२) १९५७ सालचा समलिंगी नवरा 'बरं' व्हायला डॉक्टरकडे जातो, तिथे बायकोचीही कोंडी दिसते, ते जास्त पटलं. दडपलेल्या माणसाला खलनायक न करणारे आणखी सिनेमे सुचवाल का? बायकांच्या गोष्टी असतील तर आधी त्या सांगा.