परवानगी घेऊन केलेलं विडंबन: बंड की कुकरची शिट्टी?

अक्षरवेडा:
पोलंडचे विडंबनकार यान पिएत्शाक यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नाही. जन्म १९३७, वॉर्सॉ. आधी विद्यार्थ्यांच्या कॅबरेत (तिकडे कॅबरे म्हणजे नाच नव्हे, गाणी, छोटे प्रवेश, राजकीय चिमटे), मग १९६७ पासून ‘एगिदा’ हे स्वतःचं कॅबरे.

जून १९७६ मध्ये पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने खाण्यापिण्याच्या वस्तूंची भाववाढ जाहीर केली, मांस तर सरासरी ६९ टक्क्यांनी. रादोम शहरातले आणि उर्सुस ट्रॅक्टर कारखान्यातले कामगार रस्त्यावर आले. भाववाढ लगेच मागे घेतली गेली, पण पकडलेल्यांना पोलिसांनी दोन रांगांच्या मधून पळायला लावून दंडुक्यांनी झोडपलं. या प्रकाराला ‘आरोग्यवाट’ म्हणत. त्याच वर्षी पिएत्शाकांनी ‘पोलंड पोलंड व्हावा म्हणून’ हे गाणं लिहिलं.

माझ्या मते हे खरं बंड होतं. गाण्यात पक्षाचं नाव नाही, रशियाचं नाही. जुनी अरण्यं, माळरानं, परक्या निशाणांवरचे गरुड, आणि मग ते ध्रुवपद. सेन्सॉरने कात्री लावायची कुठे? ‘पोलंड पोलंड व्हावा’ हे खोडायचं, तर आज तो तसा नाही हे आपल्याच तोंडाने कबूल करावं लागतं.

जुना रेडिओ:
गाणं चांगलं आहे, ‘बंड’ हा शब्द पटत नाही. सादर करायच्या संहिता वॉर्सॉच्या ‘मिशा’ (Mysia) नावाच्या रस्त्यावरच्या सेन्सॉर कचेरीतून पास व्हाव्या लागत. राजवटीने हे कॅबरे वर्षानुवर्षं चालू दिलं, कारण शिट्टी झाली की कुकर फुटत नाही. शंभर-दोनशे शिकलेली माणसं हसून घरी जायची आणि सकाळी कामावर.

बंड पाहायचं तर यानुश श्पोतान्स्की पाहा. १९६४ मध्ये त्याने सत्ताधाऱ्यांवर विडंबन-ऑपेरा लिहिला. तो ओळखीच्यांच्या घरी, बंद दाराआड गायचा. १९६७ मध्ये अटक, १९६८ मध्ये तीन वर्षांची शिक्षा. खुद्द पक्षप्रमुख गोमुल्काने भाषणात त्याला शिव्या घातल्या. दिवाणखान्यातल्या गाण्यासाठी! राजवट कुणाला घाबरली ते इथे कळतं.

कातरवेळ:
रेडिओदादा, तुरुंगवास ही एकच मोजपट्टी कशी चालेल? श्पोतान्स्कीला माझा नमस्कारच आहे, पण त्याची ऑपेरा किती जणांच्या कानी गेली? पिएत्शाकांचं गाणं हॉलबाहेर पडलं. ‘सॉलिडॅरिटी’ या स्वतंत्र कामगार संघटनेच्या काळात, १९८१ च्या ओपोले महोत्सवात ते गाजलं. डिसेंबरात लष्करी कायदा लागला, तर ३१ जानेवारी १९८२ ला अमेरिकेने पोलंडसाठी जो टीव्ही कार्यक्रम जगभर दाखवला, त्याचं नावच या ध्रुवपदावरून होतं. वाफ अशी विरली नसती.

जुना रेडिओ:
ताई, तेच म्हणतोय. वजन आणलं ते संपावर बसलेल्या गोदी कामगारांनी. ऑगस्ट १९८० चा तो संप झाला नसता तर हे गाणं ‘एगिदा’च्या चार भिंतींतच राहिलं असतं.

पाणवठा:
एक मुद्दा सुटतोय. हेच पिएत्शाक १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, मतं एक टक्क्याच्या आसपास. आणि अलीकडे टीव्हीवर स्थलांतरितांना आउशवित्झ या नाझी छळछावणीच्या बराकींत ठेवण्याचा ‘क्रूर विनोद’ त्यांनी केला. सत्तेला चिमटा काढणारा माणूस निराधारांवर उलटला, तर त्याला अजून विडंबनकार म्हणायचं?

अक्षरवेडा:
पाणवठा, ते वाक्य वाचून मलाही फार वाईट वाटलं, त्याची बाजू मी घेणार नाही. पण त्यामुळे १९७६ पुसलं जात नाही. रेडिओदादा, त्या वर्षाची हवा आठवा. मार खाल्लेल्या कामगारांसाठी सप्टेंबरात बचाव समिती निघाली, तिच्या आवाहनावर सह्या होत्या चौदा. एवढ्या मोठ्या देशात चौदा. गोदी कामगार उठायला अजून चार वर्षं होती. तोवर लोकांच्या ओठांवर काहीतरी असायला हवं होतं, आणि ते या माणसाने तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

जुना रेडिओ:
चौदाचा आकडा मान्य. पण त्या चौदांनी कुणाचा शिक्का घेतला नव्हता, एवढंच पुन्हा म्हणतो.