अनुभव धागा : सत्ता गेली, त्यानंतरचे दिवस

निकालाचा दिवस टीव्हीवर सगळ्यांना दिसतो. त्यानंतरचे दिवस कोणी दाखवत नाही. विधानसभेतलं बहुमत गेल्यावर पक्ष आतून कसा वागतो, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी इथे लिहावं. कार्यकर्ते, मंत्र्यांकडचे कर्मचारी, पत्रकार, घरची माणसं, कोणीही चालेल. अट एकच, आपल्या अनुभवातल्या पक्षाचं आणि नेत्याचं नाव नको. वर्षावरून ओळखू आलं तर येऊ दे. कोण चांगलं, कोण वाईट यावर भांडायला बाकी जागा पुष्कळ आहेत.

सुरुवात माझ्यापासून. २०१४ साली मी एका मंत्र्यांच्या कार्यालयात उसनवारीवर होतो. लोकांच्या लक्षात १९ ऑक्टोबरचा निकाल आहे, पण आमचं दुकान त्याआधीच बंद झालं होतं. २५ सप्टेंबरला एकाच दिवशी इकडची आघाडीही तुटली आणि तिकडची युतीही. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांचा राजीनामा आणि २८ तारखेला राष्ट्रपती राजवट. म्हणजे साहेब प्रचाराला निघाले ते माजी मंत्री म्हणूनच. पण हे कोणाला पटतच नव्हतं. आवराआवर सुरू होती तेव्हा खासगी सचिव म्हणाले, "सगळं नेऊ नका रे, महिन्याभरात इथंच यायचंय." मी दोन खोकी तशीच ठेवली. निकालानंतर मूळ खात्यात रुजू झालो आणि खोकी आणायला गेलो, तर दालनाला दुसरं कुलूप. एका खोक्यात माझा डबा होता.

जुना खांब

१९९५. मी तालुक्याच्या कार्यकारिणीत होतो. राज्य झालं १९६० ला. तेव्हापासून पुलोदची, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारची, १९७८ ते ८० ही दीड-पावणेदोन वर्षं सोडली तर सत्तेत आम्हीच. १९९० ला १४१ आमदार होते, ते ८० वर आले. वर ४५ अपक्ष निवडून आलेले, आणि त्यातले बरेच आमच्याच अंगणातले, तिकीट नाकारलेले. त्यामुळे पराभव झालाय असं कोणाच्या तोंडून निघेचना. "अपक्ष परत येतील, आकडा जुळेल" हाच जप. १४ मार्चला शिवाजी पार्कवर नव्या सरकारचा शपथविधी झाला, तरी तालुकाध्यक्षांच्या टेबलावर अपक्षांची यादी तशीच. नावांपुढे पेन्सिलीच्या खुणा.

पुढे काही महिन्यांनी तहसीलवर मोर्चा न्यायचं ठरलं. माणसं जमली, झेंडे आले, पण घोषणा कोणालाच येईनात. आमच्या सगळ्या घोषणा "विजय असो"वाल्या. "धिक्कार असो"ला जीभ वळत नव्हती. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या समाजवादी मास्तरांकडे गेलो. आयुष्यभर आमच्याविरुद्ध मोर्चे काढलेला माणूस. त्यांनी ओट्यावर बसून पाठकोऱ्या कागदावर चार घोषणा लिहून दिल्या आणि म्हणाले, "वीस वर्षं तुमच्याविरुद्ध दिल्यात. जपून वापरा."

तहसीलच्या फाटकाशी पोलिसांनी अडवलं, तर आमचे अध्यक्ष सवयीने फौजदाराला म्हणाले, "अहो, आत बसून बोलू ना."

फौजदार नवा होता. त्याने ओळखलंच नाही.

गॅलरीतून

मी विधिमंडळाचं वार्तांकन बरीच वर्षं केलं. सभागृहात अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी आणि डाव्या हाताला विरोधक बसतात. सत्ता गेलेल्या पक्षाचे ज्येष्ठ सदस्य पहिल्या एक-दोन दिवसांत उजवीकडे वळताना मी स्वतः पाहिलेत, आणि मग मार्शलकडे बघून हसत डावीकडे जाताना.

पण खरी गंमत प्रश्नांच्या वेळी. एक माजी मंत्री पहिल्याच अधिवेशनात लक्षवेधी घेऊन उभे राहिले. विषय त्यांच्याच जुन्या खात्याचा, कारण माहिती त्याचीच होती. तयारी चांगली, आवाज चढलेला, मागचे सदस्य बाकं वाजवतायत. नव्या मंत्र्यांनी शांतपणे फाईल उघडली, टिपणी वाचली, तारीख वाचली आणि खाली सही कोणाची ते वाचलं. सभागृहात जो हशा झाला तो इतिवृत्तात एका शब्दात येतो. त्यानंतर त्या पक्षाने ठरवूनच टाकलं की ज्याचं खातं त्याने त्यावर बोलायचं नाही. म्हणजे ज्याला कळतं तो गप्प, आणि ज्याला कळत नाही तो नियम २९३ खालच्या चर्चेत तासभर बोलतोय. माझ्या मते सत्ता गेलेल्या पक्षाचं पहिलं वर्ष यातच जातं. स्वतःच्या सह्यांपासून लांब राहण्यात.

अधिवेशनाच्या आदल्या दिवशीच्या चहापानावर बहिष्कार टाकायचा असतो, हे मात्र सगळे पक्ष लगेच शिकतात.

आमदाराची मुलगी

सत्ता गेली की फोन बंद होतात असं सगळे म्हणतात. आमच्याकडे उलटं झालं. बाबा स्वतः निवडून आले होते, सरकार गेलं होतं. निकालानंतरचा आठवडाभर फोन थांबेना. सांत्वनाचे नव्हेत. "साहेब, मागच्या तारखेचं एक पत्र द्या." बदलीसाठी शिफारस, कुठल्या कामाचं पत्र, कोणाला महामंडळावर घेण्याबद्दल. लेटरहेडवर सप्टेंबरची तारीख टाका एवढंच मागणं. कोणीतरी आईला सांगत होतं, "वहिनी, तुम्ही बोला ना साहेबांशी, शाई तीच, कागद तोच."

बाबांनी दिली नाहीत. तत्त्व वगैरे होतं का, मला माहीत नाही. मी विचारलं तर म्हणाले, "जावक रजिस्टरमध्ये मधे ओळ घालायला जागा नाही." आई मात्र आजही त्या फोन करणाऱ्यांची नावं क्रमाने सांगते. बाबांसमोर नाही.

चाळीस हजार किलोमीटर

मी गाडी चालवतो, सरकारी. पक्षाचं मला काय कळत नाही. साहेब गेले, गाडी पूलमध्ये जमा, चार दिवसांनी तीच गाडी घेऊन नव्या साहेबांच्या बंगल्यावर. जुने साहेब उंच होते. नव्यांनी पहिलं वाक्य बोललं ते "पुढची सीट पुढे घे रे" एवढंच. जुन्यांचा चष्मा डिकीत सापडला तो मी नेऊन दिला. ते दारात आले, गाडीकडे बघत राहिले.

केंद्र क्रमांक अमुक

माझा अनुभव चिंतन बैठकीचा आहे, थोडा कडू आहे.

मी बूथवर पोलिंग एजंट असतो. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष फॉर्म १७-सी देतात, त्यात त्या केंद्रावर किती मतं नोंदली गेली ते असतं. मी गेल्या काही निवडणुकांचे आमच्या केंद्राचे असे फॉर्म जपून ठेवलेत, पुढे मोजणीचे आकडेही लिहिलेत. आमच्या वाडीत आमची मतं एका रात्रीत गेली नाहीत, प्रत्येक वेळी थोडी थोडी गेली. कारणंही माहीत होती. पाणी योजना रखडली, आणि रखडवणारा ठेकेदार आमच्याच झेंड्याखाली फिरत होता.

सत्ता गेल्यावर पक्षाचे निरीक्षक आले. सभागृह भाड्याने घेतलं, मागे "आत्मचिंतन" असा बॅनर, त्यावर सात फोटो. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. पहिले दोन तास मशीनवर गेले. मग एक तास गद्दारांवर, त्यात ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो तिसऱ्या रांगेत बसलेला. मग जेवणं. माझा नंबर जेवणानंतर आला. मी पिशवीतून फॉर्म काढले तर निरीक्षक म्हणाले, "लेखी देऊन ठेवा." लेखी दिलं. ठेकेदार पुढच्या वर्षी तालुक्याचा पदाधिकारी झाला.

मशीनवर शंका घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण तीन मिनिटांत माझ्या वाडीवरही शंका घ्यायला हवी होती.

दिवाळीनंतर

२०१९ ची गोष्ट वेगळीच. १०५ आमदार, सगळ्यात मोठा पक्ष, आणि तरी विरोधात. २३ नोव्हेंबरला पहाटे उठवून कोणी सांगितलं की शपथ झाली, आम्ही फटाके लावले. २६ ला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी बहुमत सिद्ध करा म्हटलं आणि दुपारी राजीनामा. उरलेल्या फटाक्यांचं काय करायचं हा प्रश्न खरोखर पडला होता.

त्यानंतर अडीच वर्षं आम्हाला वाटायचं की हे सरकार आता पडतंय. दिवाळीनंतर, अधिवेशनानंतर, पाडव्यानंतर. जो भेटेल तो नवी तारीख द्यायचा. हरलेल्यासारखं कधी वाटलंच नाही, त्यामुळे हरलेल्याने करायची कामंही माझ्या हातून झाली नाहीत. वॉर्डात फिरणं, जुनी माणसं भेटणं, सगळं "येतोच आहोत" म्हणून राहिलं. जून २०२२ ला सरकार खरंच गेलं तेव्हा मी लोकांना म्हणालो, "बघा, मी सांगत होतो." मी काय सांगत होतो, मलाही आठवत नव्हतं.

एकोणतीस

थोडक्यात लिहितो. २०२४ च्या निकालानंतर आमच्याकडे आधी रडणं झालंच नाही, भागाकार झाला. २८८ चा दहावा भाग २९. विरोधी पक्षनेतेपदासाठी तेवढे लागतात म्हणतात. विरोधातल्या तीन मोठ्या पक्षांकडे २०, १६ आणि १०. तिघांचे मिळून ४६, पण एकट्याचे २९ कोणाचेच नाहीत. विरोधी पक्षनेत्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा, दालन, कर्मचारी असतात. सत्ता गेल्यावर बसायला निदान ती एक खुर्ची असते, आणि सगळी भांडणं तिच्याभोवती होतात. आमच्याकडे भांडायलाही खुर्ची नव्हती. त्यामुळे पहिल्या अधिवेशनात एवढी शांतता होती, की बाहेरच्यांना वाटलं आमची एकी झालीय.

बिनशिक्क्याचा

मी आमच्या तालुक्यात संजय गांधी निराधार योजनेच्या समितीवर अशासकीय सदस्य होतो. मोठं पद नाही, पण विधवा, अपंग, निराधार म्हाताऱ्या यांची प्रकरणं तिथे मंजूर होतात. सरकार बदललं आणि नेमणुका रद्द झाल्या. कोणी फोन केला नाही, पत्र नाही. तहसीलमधला कारकून म्हणाला, "भाऊ, आता तुम्ही बैठकीला नका येऊ." समितीच नव्हती तर बैठक कसली म्हणा.

पक्षातले बाकीचे म्हणाले, सोड, पुढच्या वेळी बघू. मीही दोन-तीन सोमवार घरी बसलो. मग एक आजी दारात आल्या. उत्पन्नाचा दाखला २१ हजारांच्या आतला हवा, त्यांच्याकडे मुलाच्या नावाचा दाखला, म्हणून अर्ज परत आलेला. त्यांना सरकार बदललंय हेही धड माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी मी "मेंबर".

तेव्हापासून सोमवारी तहसीलबाहेरच्या कट्ट्यावर बसतो, अर्ज भरून देतो. आमच्या तालुकाध्यक्षांना हे आवडत नाही. सरकार त्यांचं, नाव होणार त्यांचं, असं ते म्हणतात, आणि चुकीचं म्हणतात असंही नाही. पुढे नवी समिती आली. तिच्यातला एक पोरगा, समोरच्या पक्षाचा, परवा कट्ट्यावर आला. म्हणाला, "काका, रकाना सातमध्ये काय लिहायचं असतं?" तीन अर्ज माझ्याकडूनच भरून नेले.