अनुभव धागा : शांत पाण्यात होडीचा वेग ताशी ८ किमी असल्यास...

लेकीची अकरावी चालू आहे. परवा रात्री वहीत बाण काढत बसली होती. गणित असं : बंदरात नांगरलेल्या होडीच्या डोलकाठीवरचा झेंडा ईशान्येकडे फडकतोय, वाऱ्याचा वेग ताशी ७२ किमी. होडी ताशी ५१ किमीनं उत्तरेला निघाली, तर झेंडा कुठल्या दिशेला फडकेल? मी म्हटलं, "फाटेल." ती म्हणाली, "बाबा, पर्यायांत नाहीये ते."

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात वाढलेले. पाणी म्हणजे सूरसागर तलाव, नदी म्हणजे विश्वामित्री, आणि तिच्यात मगरी. शिडाची होडी मी फक्त चित्रात पाहिलीय. तरी होड्या, प्रवाह आणि वारे यांची शे-दोनशे गणितं शाळा-कॉलेजात सोडवली असतील. तुमच्या वाट्याला आलेली असली गणितं लिहा. खऱ्या पाण्यावर गेलेल्यांनी तर लिहाच.

जुना दर्यावर्दी
झेंडा टिकेल हो, होडीचं सांगवत नाही. ताशी ७२ किमी म्हणजे जवळपास ३९ नॉट (ताशी सागरी मैल). वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट मापात हा ८ नंबरचा वारा, आम्ही 'गेल' म्हणायचो. असल्या हवेत लहान होड्या बंदरात शिरतात. हा पठ्ठ्या बाहेर निघालाय, तोही साडेसत्तावीस नॉटनं! मी ज्या मालवाहू जहाजांवर होतो ती १३-१४ नॉटनं चालायची.

आता आकडे बघा. ईशान्येकडे जाणाऱ्या वाऱ्याचे उत्तर आणि पूर्व असे सारखे घटक काढायला ७२ ला २ च्या वर्गमूळानं भागलं की येतात ५०.९. म्हणजे वाऱ्याचा उत्तरेकडचा घटक होडीच्या वेगानं जवळजवळ पुरता खाल्ला आणि पूर्वेकडचा तेवढा उरला. उत्तर 'पूर्व'. आधी उत्तर ठरलं, मग त्याला बसेल असं वादळ मागवलं.

मात्र मूळ कल्पनेला नावं ठेवणार नाही. चालत्या जहाजावर अंगाला लागतो तो वारा वेगळाच असतो. ब्रिजवरचं, म्हणजे जहाज हाकतात त्या खोलीतलं, यंत्र तोच दाखवतं. लॉगबुकात (जहाजाच्या नोंदवहीत) खरा वारा लिहायचा तर वेगांच्या बाणांचा हाच त्रिकोण उलटा सोडवावा लागतो. मी तो वर्षानुवर्षं सोडवलाय, तेव्हा लेकीला म्हणावं, बाण काढत राहा.

कारेलीबाग
माझे असल्या गणितातले मार्क भूगोलानं खाल्ले. 'नैऋत्य मोसमी वारे' नैऋत्येकडून येतात, हे पाचवी-सहावीपासून डोक्यात पक्कं. अकरावीत 'नैऋत्य वारा' वाचला आणि बाणाचं टोक नैऋत्येला केलं. सगळी चिन्हं उलटी! वाऱ्याला नाव पडतं तो येतो त्या दिशेवरून, पाण्याच्या प्रवाहाला तो जातो त्या दिशेवरून. हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. सरांनी वहीवर फक्त 'दिशा?' असं लिहिलं होतं, लाल शाईत.

मागचा बाक
आमच्या वर्गात : "एक माणूस ताशी ४ किमीनं पोहतो. नदी १ किमी रुंद, प्रवाह ताशी ३ किमी..."
मागून एक जण : "सर, विश्वामित्रीत?"
सर (फळ्याकडे तोंड ठेवूनच) : "मग वेग ८ धर."

रावपुरा
वरच्याच गणिताची दुसरी बाजू. वहीतलं उत्तर : पंधरा मिनिटांत पार, आणि माणूस ७५० मीटर खाली वाहत जातो.

आजोबांच्या अस्थी घेऊन आम्ही चाणोदला गेलो होतो. मी तेव्हा बारावीत. नर्मदेच्या घाटावरून नाव सुटली, आणि नावाड्यानं ती समोर न नेता काठाकाठानं उलट, वरच्या अंगाला वल्हवायला सुरुवात केली. काका वैतागले, "अरे, संगम खाली राहिला ना!" तो काही बोलला नाही. बरंच वर गेल्यावर त्यानं नावेचं तोंड किंचित प्रवाहाकडे ठेवून तिला मधल्या पाण्यात घातलं. नाव तिरकी घसरत घसरत बरोब्बर हव्या त्या जागी लागली. मग त्यानं सांगितलं, "काठाला पाणी मवाळ असतं, मध्ये मस्ती करतं. वर जायचं ते काठानं."

पुस्तकातली नदी या काठापासून त्या काठापर्यंत एकाच वेगानं वाहते. खरी नदी तशी वाहत नाही. काठाशी वेग जवळजवळ शून्य, मध्ये ३, आणि आलेख परवलयाचा धरला, तर सरासरी २ येते. पोहणारा ७५० ऐवजी ५०० मीटरच वाहतो. हे मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकलो. नावाड्याची शाळा किती झाली होती, विचारायचं राहिलं.

इंदूरची पाहुणी
बडोद्याची नाही, पण राहवत नाही. आमच्या क्लासच्या नोट्समध्ये 'वाऱ्यामुळे शिडाच्या होडीचा वेग ५ ने वाढतो, विरुद्ध दिशेला ५ ने कमी होतो' असं होतं. पुढे भोपाळच्या बड्या तलावावर पहिल्यांदा शिडाच्या होडीत बसले, तेव्हा कळलं की वाऱ्याच्या थेट तोंडावर ती जातच नाही. शीड नुसतं फडफडतं. साधारण ४५ अंश डावीकडे, मग तितकंच उजवीकडे, अशी नागमोडी जावं लागतं. अंतर जवळपास १.४ पट पडतं. आणि वारा आडवा असताना ती बहुधा पाठीवरच्या वाऱ्यापेक्षा जोरात पळते! बेरीज-वजाबाकीवाल्यांनी एकदा त्या होडीत बसावं.

जंबुसरचा जावई
"प्रवाहाच्या दिशेनं ३ तास, परत यायला ५ तास." कावी-कंबोईला या. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीत पाणी दहा-दहा मीटर चढतं-उतरतं. तिथलं स्तंभेश्वराचं देऊळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं. इथला माणूस ओहोटीबरोबर जातो आणि भरतीबरोबर येतो. दोन्ही वेळा प्रवाहाच्या दिशेनंच. लिहा समीकरण.

गणिताच्या बाई (निवृत्त)
दोष एकट्या पुस्तकांचा नाही. सातवीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर लिहिलं : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? अर्ध्याहून अधिक वर्गानं ३६ लिहिलं. एकीनं १६ लिहून खाली 'पण कप्तान मोठा असतो म्हणून ३६' अशी दुरुस्ती केली. कोडं माझं नाही. कप्तानाच्या वयाची ही थट्टा फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेअरनं बहिणीला लिहिलेल्या पत्रात केली होती. वर्गात एकाच मुलानं हात वर केला, "बाई, गणित चुकलंय." बाकीचे त्याला हसले. मी तेव्हा त्याची बाजू लगेच घेतली नाही, तास संपेपर्यंत ताणलं. ते अजून टोचतं.

धागाकर्ता
दर्यावर्दी काका, लेकीला वाचून दाखवलं. '२ चं वर्गमूळ' ऐकल्यावर तिनं मागची आणखी तीन गणितं उघडून आकडे तपासले. दोन तशीच पिकवलेली निघाली. रावपुरा, ती विचारतेय, नावाडी नेमका किती मीटर वर गेला होता?

रावपुरा
मीही विचारलं होतं. म्हणाला, "आज त्या पिंपळापर्यंत. पाणी चढलं की पुढच्या देवळापर्यंत."