चर्चच्या क्वायरमध्ये स्तोत्रं गाताना शब्द कुठल्या सुरावर बसवायचे?

नवी_अल्टो
नमस्कार मंडळी, मी इंग्लंडमध्ये एका छोट्या गावात राहते. शेजारणीने इथल्या पॅरिश चर्चच्या क्वायरमध्ये ओढून नेलं आणि अल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीतल्या आवाजांच्या रांगेत उभं केलं. लहानपणी हार्मोनियमवर गाणं शिकलेय त्यामुळे कानाने सूर धरता येतो, स्टाफ नोटेशन मात्र जेमतेम. रविवार सकाळची गीतं जमतात, ऑर्गन आधी चाल वाजवून दाखवतो, चार-पाच कडवी तीच चाल, प्रश्न नाही. अडतं ते ईव्हनसाँगला, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेला. तिथे बायबलमधलं स्तोत्र गातात त्याची चाल इतकुशी आणि ओळी कधी सहा शब्दांच्या कधी वीस, तरी सगळे बरोब्बर एकाच वेळी पुढच्या सुरावर जातात आणि मी एकतर आधीच पोचलेली असते नाहीतर मागे लटकलेली. याची काही युक्ती आहे का?
अजून दोन गोष्टी. माझा बाप्तिस्मा झालेला नाही, तरी क्वायरमध्ये उभं राहणं बरोबर दिसतं ना? आणि सकाळच्या सर्व्हिसला ऑर्गन बंद करून गिटार-ड्रम्सचा बँड आणायचा यावरून चर्चमध्ये जोरात वाद चाललाय, असं काही ठरवायचा अधिकार नक्की कुणाला असतो?

जुना_टेनर
ताई, तुम्ही सूर मोजताय म्हणून अडतंय. अँग्लिकन चँटमध्ये, म्हणजे तुमच्या त्या इतकुशा चालीत, सूर मोजायचेच नसतात, शब्द बोलायचे असतात. साध्या चँटमध्ये दहा सूर, पहिल्या अर्ध्या ओळीला चार आणि दुसऱ्या अर्धीला सहा. डबल चँट असेल तर हेच दोनदा, म्हणजे दोन ओळी मिळून एक फेरी. प्रत्येक अर्ध्याचा पहिला सूर लवचिक, त्यावर एक शब्द असो की बारा, बोलण्याच्या लयीत म्हणून टाकायचे, आणि पुढचे सूर ठरलेल्या जागी बदलतात. जात्यावरच्या ओव्या ऐकल्या असतील तर तोच प्रकार, अक्षरं कमीजास्त झाली तरी शेवटचा हेलकावा जिथे यायचा तिथेच येतो.
आता पुस्तकात बघा, शब्दांच्या मधे उभ्या रेघा दिसतील, त्याला पॉइंटिंग म्हणतात. ती रेघ म्हणजे चँटच्या नोटेशनमधली बारची (सुरांचे गट पाडणारी) रेघ, बस. उदाहरण म्हणून ९५वं स्तोत्र घ्या, ‘ओ कम लेट अस सिंग’ हे सगळं पहिल्या सुरावर, ‘अनटू द’ पुढच्या दोन सुरांत आणि ‘लॉर्ड’वर येऊन टेकायचं. ओळीच्या मधे जे विरामचिन्ह आहे तिथे सगळ्यांनी मिळून श्वास घ्यायचा, मागे पडण्याचं निम्मं कारण तिथेच असतं कारण नवीन माणूस भलतीकडे श्वास घेतो. घरी आधी स्तोत्र नुसतं मोठ्याने वाचा, मग एकाच सुरावर म्हणा, आणि चँट सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने गेलात तर वर्षभर चाचपडाल.

पेडलवाला
वरचं पटलं पण एक सांगतो, मी स्वतः ऑर्गन वाजवतो म्हणून. ‘बोलण्याच्या लयीत’ म्हटलं की लोक लवचिक सुरावरचे शब्द भराभर गिळतात आणि सूर बदलायला लागले की अचानक लांबवतात, ऐकायला भयंकर लागतं ते. वेग दोन्हीकडे सारखाच हवा. आणि विषम संख्येच्या ओळींचं स्तोत्र डबल चँटवर असलं की कुठेतरी चँटचा दुसराच अर्धा परत गायला लागतो, ती खूण पुस्तकात असते, पेन्सिलने गोल करून ठेवा नाहीतर एकट्याच सुरुवातीला जाल.
एक गंमत म्हणून, चर्च ऑफ इंग्लंडच्या १६६२च्या प्रार्थना पुस्तकात १५०च्या १५० स्तोत्रं ३० दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिलीत. १५ तारखेच्या संध्याकाळी वाट्याला येतं ७८वं, ओळी ७०च्या वर! गावातल्या चर्चमध्ये एवढं कुणी गात नाही, निवडक ओळी घेतात, घाबरू नका. सवयीसाठी रेडिओ थ्रीवरचा ईव्हनसाँग ऐका. १९२६पासून बीबीसी तो प्रसारित करतंय. फक्त तिथल्या कथीड्रल क्वायर रोज गाणाऱ्या असतात, त्यांच्याशी स्वतःला तोलत बसू नका.

वेस्ट_गॅलरी
बाप्तिस्म्याचं बघा, ईव्हनसाँगला प्रभुभोजन नसतंच, स्तोत्र, दोन वाचनं, बायबलमधलं मरियेचं आणि शिमोनाचं गीत, प्रार्थना एवढंच, तेव्हा अवघडायचं काही कारण नाही. सकाळी प्रभुभोजन असेल तर भाकर-द्राक्षारस घ्यायचा नाही, पुढे जाऊन हात छातीवर आडवे ठेवले की आशीर्वाद देतात, किंवा जागेवरच बसलात तरी कुणी काही म्हणत नाही. क्वायरबद्दल व्हिकरना, म्हणजे तिथल्या पाळकांना, एकदा विचारून घ्या, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, अल्टो मिळतात कुठे हल्ली.
बँडबद्दल. चर्च ऑफ इंग्लंडच्या कॅनन बी २० या नियमाप्रमाणे ऑर्गनिस्टचा सल्ला व्हिकरने नीट विचारात घ्यायचा, पण कुठलं गीत, कुठलं संगीत याचा शेवटचा शब्द व्हिकरचाच. कुठल्या प्रकारची सर्व्हिस वापरायची हे मात्र व्हिकर आणि पीसीसी म्हणजे चर्चची समिती यांनी मिळून ठरवायचं असतं. आणि ऑर्गन उचलून बाहेरच काढायचा असेल तर त्याला डायोसिसची फॅकल्टी म्हणजे धर्मप्रांताची परवानगी लागते, मीटिंगमध्ये हात वर करून ते होत नाही.
मला या वादाचं हसूच येतं खरं तर. १९व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत गावोगावच्या चर्चमध्ये पश्चिमेच्या गॅलरीत व्हायोलिन, क्लॅरिनेट, बासून अशी वाद्यं घेऊन गावकऱ्यांचा बँडच वाजायचा. मग ऑक्सफर्ड चळवळीच्या, म्हणजे जुन्या विधींकडे परत नेणाऱ्या चळवळीच्या काळात झगे घातलेली क्वायर पुढे वेदीजवळच्या चॅन्सेलमध्ये आली, लीड्सच्या पॅरिश चर्चमध्ये १८४१ला तर फार गाजावाजा झाला त्याचा, आणि गॅलरीतल्या वादकांना ऑर्गन-हार्मोनियम आणून घरी बसवलं. त्यांनीही तेव्हा भरपूर भांडणं केली होती. आता ऑर्गनवाले ‘आमची प्राचीन परंपरा’ म्हणतात.

पेडलवाला
परंपरा नवी असली म्हणून वाईट ठरत नाही हो. बँडला माझा विरोध नाही, पण मायक्रोफोनवर चारच जण गातात आणि बाकीचं चर्च बघत बसतं हे मी पाहिलंय. ऑर्गनमागे भित्रा माणूससुद्धा गातो, त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ना.

वेस्ट_गॅलरी
आणि फुल ऑर्गन सोडला की क्वायरचाही येत नाही 😄 तेही पाहिलंय.

नवी_अल्टो
सगळ्यांचे आभार, त्या रेघांचा अर्थ मला कुणी सांगितलाच नव्हता, मी त्या प्रिंटिंगच्या समजत होते. अजून एक, शेवटी ‘ग्लोरी बी टू द फादर’ येतं ते त्याच चँटवर का वेगळं?

जुना_टेनर
त्याच चँटवर, प्रत्येक स्तोत्रानंतर. दोनच ओळी आहेत आणि दर वेळी त्याच, म्हणून आधी ती पाठ करा, पुस्तकातून डोकं वर काढून कंडक्टरकडे बघता येईल.