बी विंगमागचा चर

कुलकर्णी काकू, बी-302: बी विंगच्या मागे ड्रेनेजसाठी चर खणलाय, तो कमिटीतल्या कुणी वाकून बघितलाय का? आत उतरलेल्या पोराचं डोकंही दिसत नाही. रात्री पाऊसही झालाय.

सेक्रेटरी: नमस्कार काकू. कंत्राटदाराची माणसं अनुभवी आहेत. कृपया घबराट पसरवू नये 🙏

शिंदे, ए-104: माझ्या दारासमोरची फरशी उखडली ती कधी बसवणार?

निंबाळकर काका, ए-201: काकूंचं बरोबर आहे. सकाळी टेप लावून आलो, आठ फूट भरला. दीड मीटरच्या, म्हणजे साधारण पाच फुटांच्या खाली गेलं की बाजूंना फळ्या-बल्ल्यांचा आधार द्यायचा, नाहीतर उतार काढायचा. खोदकामाच्या सुरक्षेचं भारतीय मानक आहे, आयएस 3764, ते वाचा. एजीएमला हेच सांगत होतो, तेव्हा मला खाली बसवलं.

खजिनदार: काका, बसवलं नव्हतं. जेवण गार होत होतं.

पाटील, बी-501: जिलेबी होती 😂

खजिनदार: आधाराच्या फळ्यांचं वेगळं कोटेशन आलं होतं. तेव्हा "एवढे पैसे कशाला" कोण म्हणालं, ते वर जाऊन बघा. नावं घेत नाही.

कुलकर्णी काकू, बी-302: घ्या की! मी रंगकामाला नाही म्हटलं होतं, याला नाही.

देशमुख, सी-203: अहो, मुरूम आहे तो. दोन दिवस बाजू सरळ उभी आहे, काही झालं का?

निंबाळकर काका, ए-201: मुरूम खाली. वरचे चार फूट बिल्डरचा भराव आहे, विटांचे तुकडे दिसतायत त्यात. पाणी मुरलं की माती जड होते आणि पकड सोडते. एक घनमीटर माती म्हणजे दीड टन धरा, ओली असली तर जास्तच. छातीपर्यंत गाडलेला माणूस श्वास सोडतो, तेवढी माती दाबून बसते, पुढचा श्वास आत जात नाही. तोंड मोकळं असूनही माणूस जातो.

शिंदे, ए-104: फरशी?

सेक्रेटरी: शिंदे साहेब, प्लीज.

खरात आजोबा, सी-101: गावाकडं आम्ही पन्नास फुटी विहिरी खणल्या. कसल्या फळ्या नि कसलं काय.

निंबाळकर काका, ए-201: आणि किती गडी आत राहिले ते कुणी लिहून ठेवलं नाही, आजोबा.

डॉ. सई, सी-402: कुणी अडकलाच तर दोरी बांधून ओढू नका, वर जेसीबी आणू नका. लगेच 101 लावा. जोडीदार वाचवायला उडी मारतो आणि उरलेली बाजू त्याच्यावर येते, म्हणून दुसऱ्याला अडवा.

कुलकर्णी काकू, बी-302: जून 2019, कोंढवा. सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या खोल्यांवर पडली, 15 जण गेले, त्यात लहान मुलंही. आपली कंपाउंडची भिंत चरापासून किती लांब आहे?

देशमुख, सी-203: तिथलं वेगळं होतं. उगाच कशाचाही संबंध लावू नका.

सेक्रेटरी: मुकादमाशी बोललो. म्हणतो संध्याकाळपर्यंत पाइप टाकून बुजवतो, फळ्या लावण्यातच दिवस जाईल.

कुलकर्णी काकू, बी-302: म्हणजे संध्याकाळपर्यंत ते पोर खाली. त्याची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी तरी आहे का, विचारा मुकादमाला.

सेक्रेटरी: ठीक आहे. फळ्या आणि शिडी येईपर्यंत काम बंद ठेवायला सांगतो.

खजिनदार: जादा खर्चाला "सर्वानुमते" लिहू ना?

देशमुख, सी-203: मला वगळून.

निंबाळकर काका, ए-201: मातीचा ढीग काठालाच लावलाय, तो आधी मागे घ्या. आणि काठावर पांढरी इनोव्हा उभी आहे. दोन्हींचा भार त्या बाजूवर येतोय.

वॉचमन: सर गाडी 203 वाल्या सरांची

पाटील, बी-501: 🤐

देशमुख, सी-203: पार्किंग तुम्हीच खणलंत. गाडी काय डोक्यावर ठेवू?

शिंदे, ए-104: माझ्या दारासमोर नको. तिथे फरशी नाही.

देशमुख, सी-203: मी गावी आहे. चावी आईकडे. कुणीतरी जाऊन घ्या आणि काढा, आरसा सांभाळून.

कुलकर्णी काकू, बी-302: माझा मुलगा निघालाय. पण ते पोर अजून आतच आहे, मी गॅलरीतून बघतेय.

निंबाळकर काका, ए-201: आधी त्याला वर घ्या. तोपर्यंत गाडी चालू करायची नाही. मी खाली जातोय.