एपोच्या रिसेप्टरसाठी कुठली मोनोक्लोनल अँटीबॉडी घ्यावी? बँड ६६ ला येतोय, सल्ला हवाय

निळी_शाई
नमस्कार मंडळी. पुण्यात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष चालू आहे आणि एका रिसेप्टरपाशी पाच महिने अडकलेय म्हणून इथे विचारतेय. एरिथ्रोपोएटिन म्हणजे एपो, लाल रक्तपेशी बनवायला लावणारं हार्मोन, त्याचा पेशीवरचा रिसेप्टर, एपोआर. ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींमध्ये तो आहे का ते दाखवायचंय, एमसीएफ-७ ही सेल लाइन एनसीसीएस या संस्थेच्या रिपॉझिटरीतून आणलेली आहे. लॅबच्या फ्रीजरमध्ये एक जुनी रॅबिट पॉलिक्लोनल (म्हणजे एकाच प्रोटीनविरुद्धच्या अनेक अँटीबॉडीजचं मिश्रण) होती, सीनियर्सनी तीच वापरलेली म्हणून मीही तीच वापरली. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने शोधतात तो) बँड येतो, चांगला जाड काळाभोर, ७० किलोडाल्टनच्या मार्करच्या जरासा खाली, दर वेळी तिथेच. सगळे खूश होते. मग मी एसआयआरएनए देऊन जीन दाबून बघितला, क्यूपीसीआरमध्ये मेसेज, म्हणजे त्या जीनचा आरएनए, चतकोरच उरला आणि ब्लॉटवर बँड मात्र जसाच्या तसा. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

सर म्हणतात मोनोक्लोनल मागव म्हणजे प्रश्न मिटेल. पण एका बाटलीत माझं या तिमाहीचं बजेट संपतं, त्यामुळे एकदाच आणि नीट मागवायचीय. वेस्टर्न तर करायचंच आहे, जमलं तर फ्लो सायटोमेट्रीपण (पेशी एकेक करून तपासतात ती). कोणी वापरली असेल तर क्लोनचं नाव सांगा प्लीज.

मुळशीकर
६६ किलोडाल्टनच्या आसपास आहे ना तुझा बँड? अगं मग तो एपोआर नाहीच बहुतेक, आणि हे आधी कळलं हे बरंच झालं. २००६ साली ब्लड जर्नलमध्ये याच विषयावर पेपर आला होता. तेव्हा सगळीकडे चालणाऱ्या एपोआरच्या अँटीबॉडीज त्यांनी तपासल्या. सी-२० नावाची रॅबिट पॉलिक्लोनल तर शेकडो ट्यूमर स्लाइड्सवर वापरली गेली होती, ती ज्या ६६ च्या प्रोटीनला चिकटत होती ते निघालं हीट शॉक प्रोटीनच्या घराण्यातलं, एचएसपी७०. खरा रिसेप्टर ५९ च्या आसपास धावतो. एचएसपी७० कॅन्सरच्या पेशींमध्ये भरपूर असतं, त्यामुळे बँड जाड येणारच आणि ट्यूमरची स्लाइड छान तपकिरी रंगणारच.

तुझा एसआयआरएनएचा प्रयोग चुकलेला नाही. त्यानेच तुला खरं सांगितलंय.

बॉस्टनवासी
मुळशीकर म्हणतात ते बरोबर. थोडं मागचं सांगतो कारण नुसता टेक्निकल प्रश्न म्हणून याच्याकडे बघू नये असं मला मनापासून वाटतं. २००३ मध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या पेशंट्सवर रेडिएशनसोबत एपो देऊन ट्रायल झाली, हिमोग्लोबिन वाढलं पण ट्यूमरवरचा ताबा प्लासिबोपेक्षा वाईट निघाला. मग सगळ्यांच्या डोक्यात एकच आलं, ट्यूमरवर एपोचा रिसेप्टर असणार आणि आपण ट्यूमरलाच खाऊ घालतोय. २००७ ला एफडीएने या औषधांवर चौकटीतला इशारा टाकला. म्हणजे ट्यूमरच्या पेशीवर रिसेप्टर आहे की नाही हा प्रश्न थेट किमोच्या पेशंटच्या ॲनिमियापर्यंत जातो, आणि त्याचं उत्तर किती तरी वर्षं चुकीच्या प्रोटीनला चिकटणाऱ्या अँटीबॉडीवरून दिलं गेलं. इशारा ट्रायल्सच्या निकालांवरून आलाय, तो आपल्या जागी बरोबरच आहे, पण त्यामागचं कारण रिसेप्टरच असं ब्लॉटवरून म्हणता येत नाही.

आता क्लोन. ए८२ बघ, रॅबिट मोनोक्लोनल, २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, कमी प्रमाणातला एपोआरही वेस्टर्नमध्ये दिसावा म्हणूनच बनवलेली. त्याच वर्षी आणखी एक पेपर आला, १६ प्रकारच्या ट्यूमरमधल्या २०९ सेल लाइन्समध्ये मेसेज मोजला आणि त्यातल्या ६६ मध्ये नव्या अँटीबॉडीने प्रोटीन शोधलं. बहुतेक लाइन्समध्ये अगदी थोडं किंवा नाहीच. एक सांगून ठेवतो, हे काम करणारे लोक एपो विकणाऱ्या कंपनीतले होते. म्हणून मी ते फेकून देणार नाही, पण तुझ्या पेशींमध्ये तूच तपास.

फ्लो_आणि_कॉफी
सरांना आदरपूर्वक सांग की मोनोक्लोनल म्हणजे एकाच एपिटोपला, प्रोटीनवरच्या एका ठरावीक जागेला, ओळखणारी, तो एपिटोप दुसऱ्या प्रोटीनवर नसतोच असं नाही. क्योलर आणि मिलस्टाइननी १९७५ ला हायब्रिडोमा (अँटीबॉडी बनवत राहणारी जोडपेशी) केला तेव्हापासून आपण धरून चालतो की एक क्लोन म्हणजे एकच अँटीबॉडी, पण २०१८ मध्ये १८५ हायब्रिडोमा तपासले तेव्हा जवळजवळ एक तृतीयांशमध्ये एखादी जादा हेवी किंवा लाइट चेन सापडली. मिळाली तर रीकॉम्बिनंट (क्लोन केलेल्या जीनवरून बनवलेली) घे, सीक्वेन्स ठरलेला असतो, लॉट बदलला तरी तीच येते.

आणि वेस्टर्नला चालणारी फ्लोला चालेल असं धरू नकोस हां. ब्लॉटवर प्रोटीन उलगडून सरळ झालेलं असतं, जिवंत पेशीवर घडी घातलेलं. डेटाशीटवर इम्युनोजेन (अँटीबॉडी बनवायला वापरलेला प्रोटीनचा भाग) बघ, रिसेप्टरच्या बाहेरच्या भागातला आहे की आतल्या शेपटीतला. शेपटीतला असेल तर जिवंत पेशीवर बाहेरून काहीच दिसणार नाही.

निळी_शाई
बापरे, खूप आभार सगळ्यांचे. म्हणजे आमच्या लॅबमधल्या जुन्या ब्लॉट्सचंही... असो, ते सरांशी बोलावं लागेल. पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे रिसेप्टर नक्की असलेल्या पेशी, काय घेऊ? यूटी-७/एपो ही लाइन आमच्याकडे नाही आणि मागवायला फार वेळ जाईल.

मुळशीकर
टीएफ-१ ही ल्युकेमियाची लाइन कोणाकडे आहे का विचार, पुण्या-मुंबईत ल्युकेमियावर काम करणाऱ्या लॅबमध्ये सापडेल. तिला जीएम-सीएसएफ हे वाढीचं प्रोटीन लागतं, ते विसरलीस तर दोनतीन दिवसांत पेशी मरायला लागतात. शिवाय एचईके२९३टी पेशींमध्ये एपोआरचा प्लास्मिड (जीन वाहून नेणारा डीएनए) टाक आणि शेजारच्या लेनमध्ये नुसता रिकामा व्हेक्टर, म्हणजे तोच पण एपोआरच्या जीनशिवाय. रिकाम्या लेनमध्ये ५९ ला काही नाही आणि भरलेल्या लेनमध्ये आहे, एवढं दिसलं की निदान अँटीबॉडीला रिसेप्टर दिसतो हे नक्की.

पण तिथे थांबू नकोस. ओव्हरएक्स्प्रेशनमध्ये प्रोटीन इतकं असतं की सुमार अँटीबॉडीसुद्धा पास होते. खरी परीक्षा टीएफ-१ मधल्या मूळच्या रिसेप्टरवर, एसआयआरएनए देऊन तो बँड उतरतो का. त्या पेशी तरंगणाऱ्या आहेत, लिपिडवाल्या रीएजंटने हट्टीपणा करतात, इलेक्ट्रोपोरेशन (विजेच्या झटक्याने आत घालणं) कर.

बॉस्टनवासी
तुझी क्यूपीसीआरची सीटी (सिग्नल दिसायला लागणारी सायकल, जितकी जास्त तितका मेसेज कमी) किती येते एमसीएफ-७ मध्ये?

निळी_शाई
एपोआर ३३ च्या आसपास, तुलनेसाठी लावलेला जीएपीडीएच १७.

बॉस्टनवासी
मग मेसेजच नावाला आहे. त्या सीटीवर चतकोर उरला हेही थोडं जपूनच म्हणायचं, आणि एवढ्याशा मेसेजमधून तुझ्या त्या जाड बँडइतकं प्रोटीन येणं मला तरी अशक्य वाटतं. टीएफ-१ चा आरएनए त्याच प्लेटवर लाव, फरक डोळ्यांनी दिसेल.

रसायनी_ताई
मी मुंबईत आठ वर्षं फक्त ब्लॉट आणि फ्लो केलेत, हातचं थोडं सांगते. एपोआर पेशीत लवकर तुटतो, त्यामुळे प्लेट इनक्युबेटरमधून काढली की थेट बर्फावर, पीबीएस बफर थंडगार, प्रोटीएज इनहिबिटर (प्रोटीन तुटू न देणारं) त्याच दिवशी घातलेलं. मी एकदा लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचा द्राव, बेंचवर ठेवून फोन घ्यायला गेले, वीस मिनिटांनी आले, आणि त्या दिवशीचा पॉझिटिव्ह कंट्रोलच फिका आला. जेल ८ टक्क्यांचं घे आणि लांब चालव, ५९ आणि ६६ वेगळे दिसायलाच हवेत, छोट्या मिनी जेलवर घाईत चालवलं की दोन्ही एकातच मिसळून जातात. सेकंडरी अँटीबॉडी (पहिलीला चिकटून सिग्नल देणारी) एकटीची लेनही ठेव.

फ्लोसाठी चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिनने सोडवू नकोस, पृष्ठभागावरचे रिसेप्टर कापले जाऊ शकतात, ईडीटीएने सोडव. एफसी ब्लॉक (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून), मेलेल्या पेशींचा डाय, आणि सगळं बर्फावर अझाइड घालून, नाहीतर रिसेप्टर अँटीबॉडीसकट आत ओढला जातो. या रिसेप्टरचा बराचसा साठा पेशीच्या आतच असतो, बाहेर थोडाच येतो, म्हणून फ्लोचा सरकलेला पीक फार मोठा असेल तर मी आधी शंकाच घेईन. त्यापेक्षा बायोटिन लावलेला एपो पेशींवर घाल आणि दुसऱ्या ट्यूबमध्ये साधा एपो भरपूर जास्त घालून तो हटतो का बघ. अँटीबॉडीचा प्रश्नच येत नाही. आणि शेवटी एपो देऊन दहा-पंधरा मिनिटांत रिसेप्टरचा निरोप आत नेणारा स्टॅट५ फॉस्फोरिलेट (म्हणजे चालू) होतो का तेही कर, रिसेप्टर असून काम करत नसेल तर ते वेगळं लिहावं लागतं.

बाटलीचं म्हणशील तर पूर्ण मागवायच्या आधी २० मायक्रोलिटरची ट्रायल साइज आहे का विचार, बऱ्याच ठिकाणी असते, वेबसाइटवर दिसत नाही पण फोन केला की देतात.

निळी_शाई
सात आठवड्यांनी परत आलेय, उशिरा लिहितेय त्याबद्दल माफी. ताईंनी सांगितल्याप्रमाणे फोन केला, रीकॉम्बिनंट रॅबिट मोनोक्लोनलची छोटी बाटली मिळाली. टीएफ-१ शेजारच्या इन्स्टिट्यूटमधल्या एका मैत्रिणीने दिली. ८ टक्क्यांचं लांब जेल चालवलं. टीएफ-१ मध्ये ६० च्या जराशा खाली बारीक, स्वच्छ बँड, आणि एसआयआरएनएच्या लेनमध्ये तो जवळजवळ पुसला गेलाय. एचईकेच्या रिकाम्या लेनमध्ये काही नाही. एमसीएफ-७ मध्ये दहा मिनिटं एक्स्पोजर देऊनही तिथे काही नाही. तोच मेम्ब्रेन धुऊन जुनी पॉलिक्लोनल लावली तर सगळ्या लेनमध्ये ६६ चा तो काळा पट्टा, एचईकेच्या रिकाम्या लेनमध्येसुद्धा.

सरांना दोन्ही फिल्म शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, जुनी फिगर काढून टाक आणि हा ब्लॉट आणखी दोनदा कर. जुन्या पेपरबद्दल जर्नलला लिहायचं का यावर पुढच्या आठवड्यात बसणार आहोत.

रसायनी_ताई
शाब्बास गं. दोनपैकी एकदा तरी एमसीएफ-७ च्या लायसेटमध्ये टीएफ-१ चं थोडं लायसेट मिसळून एक लेन लाव, ५, १० आणि २० टक्के. किती कमी असलं तरी तुला दिसलं असतं हे रिव्ह्यूअर पहिलं विचारणार.

निळी_शाई
हो ताई, सोमवारीच लावते.