लेकीला खरी चित्रं दाखवायचीत : पणजी की जुने गोवे? (बजेट ८०० रु.)

डिचोलीची_आई
नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे, हातात सतत वही-पेन्सिल. पुस्तकातली चित्रं बघून झाली, आता खरी चित्रं जवळून बघायचीत म्हणते. मी दुकानात कामाला आहे, सुट्टी फक्त शुक्रवारी. कदंबच्या सरकारी बसने जाऊन दिवे लागणीला परत यायचं, दोघींचं जेवण धरून ८०० रुपये. कुठलं कलादालन दाखवू? त्या जागेचा इतिहासही तिला सांगता यायला हवा, म्हणून आधी वाचून जाणार आहे.

काळाघोडा_वारी
ताई, खरी चित्रं बघायची तर मुंबईच. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. मूळचा सर कावसजी जहांगीर हॉल, १९११ चा, आराखडा जॉर्ज विटेटचा. एके काळी तिथे गाण्याच्या मैफली, सभा, बॉक्सिंगचे सामने व्हायचे. १९९६ पासून कलादालन आहे. वळत वळत वर चढायचं आणि घुमटाखाली पोचायचं! मी गेल्या वर्षी सहकुटुंब गेलो, कोकणकन्याचं एसी आणि फोर्टात दोन रात्री हॉटेल. २२ हजार गेले, पण पै न् पै वसूल.

फोंडेकर७
त्यांनी ८०० लिहिलंय हो. जुने गोवे गाठा. सेंट फ्रान्सिसच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉयांची साठाहून जास्त चित्रं ओळीने लावलीत. ही परंपरा दों जुआंव दे कास्त्रो या पोर्तुगीज गव्हर्नरने १५४७ साली सुरू केली. गास्पार कोरैया नावाच्या इतिहासकाराने एका स्थानिक चित्रकाराला हाताशी घेऊन आधीच्या गव्हर्नरांची चित्रं करवून घेतली. सुरुवातीची लाकडी फळ्यांवर आहेत. गोव्यात एवढा जुना चित्रांचा संच दुसरा नाही.

सत्तरीचा_पाईक
ज्यांनी आपली देवळं पाडली त्यांचे चेहरे पोरीला का दाखवायचे? त्याच संग्रहालयात खाली वीरगळ आहेत, कदंबकाळातल्या मूर्ती आहेत. ते दाखवा.

फोंडेकर७
वीरगळ दाखवाच, माझी ना नाही. पण त्या फळ्यांवर राबलेला हात आपल्याच कुणा माणसाचा होता आणि त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही. मुलीला मी आधी हे सांगेन. पुढच्या काळात ती चित्रं इतक्यांदा दुरुस्त केली, वरून रंगवली, की मूळ चेहरा किती उरला हाच प्रश्न आहे. चित्र शिकणाऱ्या मुलीने हे बघायलाच हवं.

मेरशीकर
अहो, ते संग्रहालय शुक्रवारी बंद असतं!! कुणीच कसं सांगितलं नाही? मी पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन शुक्रवारी गेलो होतो. मे महिना, बरोबर म्हातारी आत्या. दाराला कुलूप बघून परत फिरलो. आत्या अजून ऐकवते.

मळ्यातली
मग पणजीतच थांबा. फोंताईनास या जुन्या वाड्यात फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेच्या घरात आंतोनियु शाव्हियेर त्रिंदाद या गोंयकार चित्रकाराची चित्रं आहेत. जन्म सांग्याचा, १८७० चा. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकला आणि तिथेच शिकवलं. ‘पूर्वेचा रेम्ब्रां’ म्हणायचे त्याला. मुलगी आंजेला, तीही मोठी चित्रकार. मी त्याच्या एका बाईच्या चित्रासमोर उभी होते. लांबून लुगड्याची घडी वाटते, नाक लावून बघितलं तर तिथे रंगाचे नुसते चार फटकारे. वेळ मात्र आधी फोन करून विचारा.

काळाघोडा_वारी
त्रिंदाद ठीक, पण सूझा आणि गायतोंडे हे चित्रकार? दोघेही गोंयकार, दोघेही १९२४ चे, दोघेही मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह या आधुनिक चित्रकारांच्या गटातले.

मेरशीकर
गायतोंड्यांचा जन्म नागपूरचा. घराणं गोव्याचं. सूझा साळगावचा.

काळाघोडा_वारी
मूळ गोव्याचं म्हणजे गोंयकारच. माझा मुलगा दुबईत जन्मला, तो काय अरब झाला?

पर्वरीचे_काका
वरचं सगळं वाचलं नाही, पण जुने गोवे बघाच. वर व्हाइसरॉयांची चित्रं आहेत, खाली गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कचा ब्राँझचा पुतळा आहे. पूर्वी तो पणजीच्या आझाद मैदानावरच्या मंडपात होता, आम्ही शाळेला जाताना रोज बघायचो. पोर्तुगीज कवी कामोंइशचाही पुतळा आहे.

मेरशीकर
काका, शुक्रवार!

जुने_पान
कामोंइशचं नाव निघालं म्हणून सांगतो. आझाद मैदानासमोर इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा आहे. आत शिरल्या शिरल्या भिंतींवर निळ्या फरश्यांची चित्रं, आझुलेजु. वास्को द गामाच्या सफरीवरच्या कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत, लिस्बनच्या जोर्ज कोलासूने १९३५ साली केलेले. संस्था १८७१ ची, तेव्हाचं नाव वास्को द गामाचं. गोवा पोर्तुगीजांकडून मुक्त झाल्यावर, १९६३ साली, लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचं नाव दिलं. चांदरचे पत्रकार. गोव्याला स्वतःचं भवितव्य ठरवायचा हक्क आहे, असा ठराव त्यांनी १९३० साली थेट सरकारी कौन्सिलात मांडला होता. दरवाजावर त्यांचं नाव, भिंतीवर गामाची जहाजं. पण बघायला अर्धा तास पुरे. तेवढ्यासाठी डिचोलीहून येऊ नका, त्रिंदादला जोडून घ्या.

मळ्यातली
+१. तिथून फोंताईनास चालत जाता येतं. पाऊस असेल तर रिक्षा करा.

पर्वरीचे_काका
रजा टाकून रविवारी जुने गोवे करा, माझं तेच मत.

डिचोलीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. रजा टाकली तर पगार कापतात, त्यामुळे शुक्रवारीच गेलो. त्रिंदादचं सगळं वाचून ठेवलं होतं, पण लेक फरश्यांपाशी बसली ती उठेचना. अर्धा तास नाही, साडेतीन तास. चित्रातला एक हात चार फरश्यांत विभागलाय, कोपरे जुळतात तिथे बोटं केसभर सरकलीत. तेवढाच हात तिने सहा वेळा काढला. मी ठरावाची गोष्ट सांगितली, तर म्हणाली, “मग फरश्या काढल्या का नाहीत?” मला उत्तर देता आलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर लिहा, ती रोज विचारते. जाण्यायेण्याचं तिकीट, भाजी-पाव आणि दोन चहा धरून ३४० रुपये झाले. उरलेल्या पैशांत तिला निळी शाई घेतली.